आमटी एकटी होत नाही

होळीच्या आदल्या दिवशी पुण्यातल्या पोळी-भाजी केंद्रांत पहाटेपासून चणाडाळ शिजत असते. कोथरूडच्या बाजूच्या अशाच एका केंद्राच्या मागच्या खोलीत मी उभी होते. भट्टीवर मोठाली पातेली, वर हळदीचा पिवळा फेस, आणि दर थोड्या वेळाने एक बाई पळीत चार दाणे घेऊन ते अंगठ्याखाली दाबून बघत होती. डाळ बोटाखाली मोडली, पण गाळ झाली नाही, की दोघीजणी फडक्याने पातेलं धरायच्या आणि भल्या मोठ्या चाळणीवर कलंडून द्यायच्या. डाळ वर राहायची. खाली घमेल्यात जाडसर, पिवळं, वाफाळतं पाणी साठायचं. घमेलं भरलं की ते मोरीत.

“एवढा कट टाकून देता?” मी विचारलं.

केंद्र चालवणाऱ्या ताई हिशेबाच्या वहीतून मान वर न करता म्हणाल्या, “आमटी कोण नेणार? पोळी चार दिवस राहते. आमटी रिक्षात सांडते, उन्हात राहिली की आंबते, मग फोन येतात. आणि हल्ली लोक पोळी दुधातुपाशी खातात. मागणीच नाही हो.”

कोपऱ्यात पोळ्या लाटणाऱ्या मावशींनी मात्र स्वतःची किटली आणली होती. सुट्टी व्हायच्या वेळी शेवटच्या पातेल्यातला कट त्यांनी किटलीत भरून घेतला, वर मूठभर शिजलेली डाळ टाकली आणि झाकण घट्ट लावलं. “घरी पोळी नसली तरी चालतंय,” त्या म्हणाल्या, “पण पोरांना ही आमटी लागती. उद्या मुरल्यावर तर भातावर आणखी झकास.”

‘आईच्या हातची आमटी आता मिळत नाही’ हे वाक्य आपल्याकडे दिवसाआड कुणी तरी म्हणतं. कारण म्हणून हाताची चव, चुलीची धग, पाट्यावरचं वाटण, गावठी मसाला असं काहीबाही सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे, नाही असं नाही. पण त्या मोरीपाशी उभं राहिल्यावर मला दुसरंच कारण जास्त पटलं. आपल्या घरांतले बहुतेक पातळ पदार्थ, म्हणजे आमट्या, सारं, कळणं, कढ्या आणि रस्से, ही स्वतंत्रपणे करायची गोष्ट कधीच नव्हती. ती दुसऱ्या कुठल्या तरी कामातून निघायची. पुरण घातलं म्हणून कट निघायचा, लोणी काढलं म्हणून ताक उरायचं, उसळ शिजवली म्हणून कळण मिळायचं. आई तेव्हा एकटी आमटी करत नव्हती, एका भांड्यातून दोन-तीन पदार्थ काढत होती. त्यातलं मूळ काम घराबाहेर गेलं, तशी आमटीही निघून गेली.

येळवणी

माझं आजोळ वाईजवळच्या एका खेड्यातलं. तिकडे कटाला येळवणी म्हणतात. नगर-नाशकाकडे पुरणपोळीबरोबरच्या याच आमटीला सरळ सार म्हणतात. नावं बदलतात, तत्त्व तेच. चणाडाळीला लागतं त्याहून बरंच जास्त पाणी घालून ती शिजवायची. डाळ शिजताना तिच्यातली विरघळणारी प्रथिनं आणि पिठूळ अंश पाण्यात उतरतो, म्हणून ते पाणी नुसतं पाणी राहत नाही, त्याला अंग येतं. फ्रान्समधल्या एका हौशी खवय्याने, जोएल रोसेलने, 2014 साली कडधान्याच्या डब्यातलं असलं पाणी घुसळलं तर अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस होतो हे दाखवलं. पुढच्याच वर्षी त्या पाण्याला ‘ॲक्वाफाबा’ असं नाव मिळालं आणि शाकाहारी केक-बिस्किटांच्या दुनियेत त्याचा बोलबाला झाला. आपल्याकडे त्या पाण्याला फोडणी मिळते, एवढाच फरक.

आई आता ऐंशीच्या घरात आहे. ओट्यापाशी फार वेळ उभी राहत नाही, पण खुर्चीत बसून हुकूम सोडते. यंदाच्या पाडव्याला तिने माझ्याकडून येळवणीची आमटी करून घेतली. सुकं खोबरं विस्तवावर धरून काळपट होईपर्यंत भाजायचं, जिरं कोरडं भाजायचं, दोन्ही एकत्र वाटायचं. तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता. वाटण परतून त्यावर कट. मग चिंचेचा कोळ, काळा मसाला, मीठ.

“आता गूळ किती?” मी विचारलं.

“गूळ कशाला? पुरण घाल की लिंबाएवढं.”

माझ्यासमोर चार पुस्तकांतल्या कृती होत्या आणि त्यांत गुळाचं माप चोख दिलेलं होतं. पण तिच्या आमटीत गूळ सुटा कधी पडलाच नव्हता. वेलदोडा-जायफळाचा तो मंद वास, ती जाडी आणि तो गोडवा, सगळं त्या लिंबाएवढ्या पुरणाने येत होतं. म्हणजे आमटीची चव आमटीच्या सामानात नव्हती, शेजारच्या परातीत होती. चार लोकांची आमटी करायची तर आधी पुरण घातलेलं असलं पाहिजे. नुसत्या डाळीच्या पाण्याची करून पाहा, चांगली लागते, पण ती येळवणी होत नाही.

प्रेशर कुकरचाही यात हात आहे. हॉकिन्स ही कुकरची कंपनी 1959 साली मुंबईत उभी राहिली. पुढच्या दोन-तीन दशकांत शिट्टी मध्यमवर्गीय घराघरांत वाजू लागली. वेळ वाचला, इंधन वाचलं, बायकांचे कष्ट कमी झाले, याबद्दल कुणी कुरकुर करू नये. पण कुकरमध्ये डाळीला बेताचंच पाणी घालतात. डाळ ते सगळं पिते. चाळणीवर ओतायला काही उरतच नाही. जिथे अजून आमटी होते तिथल्या बायका कुकरमध्येही मुद्दाम दुप्पट पाणी घालतात. त्यांना पुरण हवं असतं आणि कटही.

सायीपासून कढीपर्यंत

कढीची गोष्ट याहून लांबची. तिची सुरुवात चार-पाच दिवस आधी होते. दूध तापवायचं, निवलं की साय काढायची, सायीला विरजण लावायचं. डबा भरला की घुसळायचं. लोणी वर येतं, खाली ताक राहतं. लोणी कढवलं की तूप आणि पातेल्याच्या बुडाशी बेरी. त्या बेरीवर साखर भुरभुरून ती खाण्यावरून आम्हा भावंडांत मारामाऱ्या झालेल्या आहेत. उरलेल्या ताकाची कढी. म्हणजे आठवड्यातून एकदा कढी व्हायची ती कुणाला खावीशी वाटली म्हणून नव्हे, तर त्या दिवशी लोणी निघालं म्हणून.

हे ताक आणि दह्यात पाणी घालून रवीने फिरवलेलं ताक यांत फरक आहे. लोणी काढलेल्या ताकात स्निग्धांश फारसा नसतो, ते हलकं असतं आणि त्याला जुन्या सायीचा आंबटसर वास असतो. दह्याची कढी दाट आणि गुळगुळीत होते. ‘आईची कढी अशी नव्हती’ असं म्हणणाऱ्याची जीभ खोटं बोलत नाही. बहुतेक शहरी घरांत पिशवीतलं टोन्ड दूध येतं, त्यात स्निग्धांश कायद्याप्रमाणे 3 टक्के असतो. दूध होमोजिनाइज्ड असेल तर स्निग्धकण फोडून दुधात एकजीव केलेले असतात, त्यामुळे जाड साय धरतच नाही. साय नाही तर लोणी नाही, लोणी नाही तर ते ताक नाही. साखळी पहिल्याच कडीला तुटते.

करण्याची रीत मात्र तीच. ताकाला थोडं बेसन लावायचं, आलं-मिरची ठेचून घालायची, तुपाची जिऱ्या-हिंगाची फोडणी, आणि पहिली उकळी येईपर्यंत पळी थांबवायची नाही. आंबट ताक तापलं की त्यातलं प्रथिन गोळा होऊन कढी फुटते. बेसनातलं पिष्ट आणि सतत फिरणारी पळी तिला धरून ठेवते. आई मीठ शेवटी घालते. “कढीपाशी उभं राहायचं असतं, फोनवर बोलायचं नसतं,” हा तिचा शास्त्रार्थ.

एक मटण, चार वाट्या

शाकाहारी घरांत जे ताकाचं आणि कटाचं, तेच कोल्हापुरात आळणीचं. हळद, मीठ, आलं-लसूण लावलेलं मटण पाण्यात शिजवलं की जो अर्क उतरतो ती आळणी. तिखट पडायच्या आधीची. शाहूपुरीतल्या एका घरगुती खाणावळीच्या वहिनींनी मला त्यांच्या शेगडीपाशी स्टूल दिलं आणि सगळा क्रम डोळ्यांसमोर मांडला.

मटण शिजलं की आधी एक मोठी वाटी आळणी बाजूला निघाली. ती घरातल्या आजारी सासऱ्यांसाठी आणि अजून तिखट न सोसणाऱ्या नातवासाठी, वर फक्त मिरपूड. मग मटणाचे तुकडे उपसून सुक्क्यासाठी निराळ्या कढईत गेले. उरलेल्या आळणीचे दोन वाटे झाले. एका पातेल्यात दालचिनी, लवंग, मिरी, वेलदोडे तुपात तडतडले, त्यावर खसखस, तीळ आणि काजूचं पांढरं वाटण, त्यावर आळणी आणि अगदी शेवटी नारळाचं दूध, आच मंद करून. हा पांढरा रस्सा. दुसऱ्या पातेल्यात कांदा-खोबऱ्याचं भाजकं वाटण आणि कांदा-लसूण चटणी पडली, तेलाचा लालभडक तवंग वर आला. हा तांबडा.

“पांढऱ्याची रेसिपी द्या म्हणत्यात लोक,” वहिनी म्हणाल्या. “अहो, रेसिपी काय द्यायची? आळणी हाय का तुमच्याकडं? नुसत्या नारळाच्या दुधात मसाला घालून पांढरा रस्सा हुतोय व्हय?”

पुण्या-मुंबईच्या काही हॉटेलांत पांढरा रस्सा थाळीबरोबर वाटीवाटीने, हवा तेवढा मिळतो. तो पातळ आणि पिठूळ का लागतो, हे या एका वाक्यात आहे. हॉटेलात खपणाऱ्या रश्शाच्या वाट्या आणि शिजणारं मटण यांचा मेळ बसत नाही. घरात तो आपोआप बसतो. जेवढं मटण, तेवढीच आळणी.

कुळीथ आणि कोकम

कोकणात भाताची कापणी झाली की उरलेल्या ओलीवर कुळीथ पेरतात. देशावर यालाच हुलगे म्हणतात. कमी पाण्यावर, हलक्या जमिनीत येणारं हे कडधान्य. प्रथिनांचं प्रमाण 20 टक्क्यांच्या वर. दाणा असा टणक की भिजवून, मोड आणूनही शिजायला वेळ घेतो. आणि शिजायला वेळ घेतो म्हणूनच त्याचं पाणी चांगलं काळपट, दाट होतं.

कुडाळजवळच्या एका घरात आजींनी मोडाचे कुळीथ शिजवून टोपलीत उपसले आणि पातेल्याकडे बोट दाखवून सुनेला बजावलं, “ह्यां पाणी ओतून टाकूचां नाय हां.” त्या पाण्यात थोडं ताक, ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची घालून वरून फोडणी. हे कळण. कुळथाची उसळ भाकरीशी, कळण भाताशी. कुठे ताकाऐवजी नारळाचं दूध आणि दोन आमसुलं पडतात. पावसाळ्यात आणि थंडीत कढत कढत प्यायचं आणि घोंगडी ओढून झोपायचं.

त्याच घराच्या अंगणात मे महिन्यात रातांब्यांचा ढीग पडलेला असतो. रातांबा म्हणजे कोकमाचं फळ. झाडाचं शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने त्याच्या सुधारित जाती काढल्या आहेत, सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही आहे. पण अंगणातलं काम अजून हातांचंच. फळ कापून साल वेगळी, बिया आणि गर वेगळा. साली उन्हात वाळवायच्या, मिठाच्या रसात बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या. अशी पुटांवर पुटं चढवली की काळी, लवचीक आमसुलं होतात. मीठ घातलेला रस गाळून बाटलीत भरला की आगळ. बिया फोडून, उकळून जो मेणासारखा स्निग्ध पदार्थ निघतो तो भिरंडेल, भेगाळलेल्या टाचांना लावायचा. सगळं मृगाचा पाऊस अंगणात यायच्या आत.

आमसुलाचं सार आणि सोलकढी यांचा उगम या अंगणात. सार म्हणजे आमसुलं गरम पाण्यात भिजवून कुस्करायची, गूळ, मीठ, तुपाची जिऱ्याची फोडणी, वर कोथिंबीर. पाच मिनिटांचं काम. सोलकढीला आग लागतच नाही. आगळ, नारळाचं दूध, लसूण, मिरची. पण नारळ खवून, वाटून, पिळून पहिलं दाट दूध काढायचं तर तोही एक जोडव्यवहार. दुसऱ्या दुधात भाजी किंवा आमटी शिजते, चोथा चटणीत जातो. दुधाची बंद पुडी कापली की सोलकढी मिळते, बाकीचं जेवण मिळत नाही.

आजाऱ्याची वाटी

मराठी घरांत पातळ पदार्थाला मान मिळतो तो तापात. मुगाचं कढण, भाताची पेज, नाचणीची आंबील, आणि सातारा-सांगलीकडे सर्दीवर हुलग्याचं माडगं. हुलगे भाजून दळलेलं पीठ पाण्यात कालवायचं, गूळ-सुंठ घालून शिजवायचं आणि गरम प्यायचं. आमच्याकडे शाळा बुडवायची असली की माडगं प्यावं लागे, त्यामुळे खोटा ताप फारसा येत नसे.

यामागची परंपरा जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या दुसऱ्या अध्यायात 28 प्रकारच्या यवागू, म्हणजे धान्याच्या औषधी पेजा, सांगितल्या आहेत. पोट साफ करणाऱ्या मोठ्या उपचारानंतर रुग्णाला कसं जेवण द्यायचं याचाही क्रम आयुर्वेदात आहे. आधी मंड, म्हणजे भाताचं वरचं निवळ पाणी. मग पेया, तीत थोडी शितं. मग विलेपी, दाट. मग मुगाचं साधं यूष, मग फोडणीचं यूष, आणि शेवटी मांसरस. आजीने हे पुस्तक पाहिलेलं नव्हतं. पण पहिल्या दिवशी पेजेचं पाणी, दुसऱ्या दिवशी पेज, तिसऱ्या दिवशी कढण, चौथ्या दिवशी मऊ भात असाच तिचा पाढा होता. एकाच भाताच्या पातेल्यातून वरचं पाणी आजाऱ्याला, मधला भात मुलांना, खालची खरपूड तिला स्वतःला.

या शेवटच्या वाक्यावर थोडं थांबायला हवं. आईच्या स्वयंपाकावर गहिवरून लिहिताना ही वाटणी आपण सहज विसरतो. एका भांड्यातून चार पदार्थ काढणारी बाई पाचवा वाटा स्वतःला ठेवत असेच असं नाही. माझ्या आईला विचारलं, “तू आजारी पडलीस की कढण कोण करायचं?” ती म्हणाली, “मीच. उठून करायचे आणि प्यायचे. तुझे वडील चहा करायचे पण फार गोड.”

पाणी वाढवणं

पातळ पदार्थाचा दुसरा उगम गरिबीत आहे, आणि तो लपवून चालणार नाही. पाहुणा आला की आमटीत तांब्याभर पाणी वाढवणं हा विनोद नव्हता, व्यवहार होता. मराठवाड्यातला येसर, म्हणजे धान्य आणि मसाले भाजून दळलेली पूड, ही त्यासाठीचीच तजवीज. घरात भाजी नाही, डाळ नाही, तरी येसराची चिमूट पाण्यात उकळली की भाकरी कुस्करायला आमटी तयार. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या 2015 साली आलेल्या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित घरांतल्या अन्नाची नोंद केली. तेल, तूप, दूध यांची चैन नसलेल्या त्या चुलींकडे आपल्या पाककृतींच्या पुस्तकांनी वळूनही पाहिलेलं नव्हतं.

मुंबईच्या गिरणगावातही आईच्या हातचं जेवण ही गोष्ट वेगळ्याच वाटेने पोचली. कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार गावच्या बायकांच्या खाणावळीत जेवत. दहा बाय दहाच्या खोलीत, एका स्टोव्हवर, पाळ्यांच्या वेळा सांभाळत या बायका डबे भरत. त्यासाठी सावकाराचं कर्ज काढत. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये या खाणावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेच्या कर्जाचा रस्ता मोकळा केला. कामगाराच्या तोंडी ‘घरच्यासारखी आमटी’ असायची ती या खाणावळवाल्या बाईमुळे. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि जेवणारेच गावी परतले, तेव्हा कित्येक खाणावळींच्या चुली थंडावल्या. तिथली आमटी चवीच्या बदलाने गेली नाही, पगाराच्या अभावी गेली.

वेळ नसलेल्या बाईसाठी पातळ जेवणाची सोय करणं ही कल्पनाही काही आजची नाही. स्वित्झर्लंडमध्ये कारखान्यांत राबणाऱ्या बायकांना घरी शिजवायला वेळ उरेना, तेव्हा ज्युलियस मॅगीने कडधान्याच्या पिठांवर प्रयोग केले आणि 1886 साली वाटाणा-घेवड्याची तयार सुपं बाजारात आणली. म्हणजे पुडीतल्या सुपाचं मूळही डाळीच्याच पाण्यात आहे. त्या पुडीला नाकं मुरडण्यात अर्थ नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसाला तिने आधार दिला आहे. फक्त पुडीत जोडीदार नसतो. ती फोडली की सूप होतं, पुरण होत नाही.

पुस्तकात काय राहून गेलं

मराठीत पाककृती छापण्याची परंपरा चांगली जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ 1875 सालचं. जवळपास शंभर वर्षांनी, 1970 मध्ये, कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं आणि वाटी-चमच्याच्या मापाने नव्या नवरीपासून परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यापर्यंत सगळ्यांना त्याने हाताला धरून शिकवलं. माझ्या प्रतीची पानं तेलाने पारदर्शक झाली आहेत. या पुस्तकांचं ऋण मोठंच आहे.

पण पुस्तकाची मांडणीच अशी असते की प्रत्येक पदार्थ सुटा होतो. पुरणपोळी पक्वान्नांत, कटाची आमटी आमट्यांत, दोघींच्या मध्ये शंभर पानं. कढी एका प्रकरणात, लोणी कुठेच नाही. मोबाइलवरच्या व्हिडिओंनी तर पदार्थ आणखी एकटा पाडला: तीन मिनिटं, एक कढई, एक डिश. पाहणाऱ्याला वाटतं, आमटी करायची तर आमटीचं सामान आणावं. मग तो चणाडाळ शिजवून घोटतो, त्यात पाणी ओततो, गूळ टाकतो आणि म्हणतो, आईसारखी नाही झाली. होणार कशी? त्याने पदार्थ केला, त्याच्या आईने स्वयंपाक केला होता.

परदेशात राहणाऱ्या मराठी मुलामुलींकडून मला हे फार ऐकायला मिळतं. माझी भाची न्यू जर्सीत असते. तिने फोनवर आजीकडे कटाच्या आमटीची कृती मागितली. आजीने पहिलाच प्रश्न विचारला, “पुरण कधी घालतेयस?” भाची म्हणाली, “पुरण नाही गं आजी, नुसती आमटी.” पलीकडे बराच वेळ शांतता. मग आजी म्हणाली, “मग टोमॅटोचं सार कर बाई. ते एकटं होतं.” हा सल्ला अचूक होता. टोमॅटो उकडून, गाळून, नारळाचं दूध आणि तुपाची फोडणी दिलेलं सार कुणावर अवलंबून नाही. आजच्या लग्नांत आणि हॉटेलांत तेच सगळीकडे दिसतं, त्याचं गुपित हेच असावं.

पुढच्या होळीला

मी कुणाला रोज साय साठवायला सांगणार नाही. दोन नोकऱ्यांच्या घरात, पाण्याच्या टँकरच्या वेळा सांभाळत, ते जमणार नाही, आणि ते जमवण्याचा भार पुन्हा बाईच्याच खांद्यावर पडणार असेल तर जमूही नये. पण वर्षातून चार वेळा पूर्ण साखळी घरात व्हायला काय हरकत आहे? होळीला किंवा पाडव्याला पुरण आणि कट. थंडीत एकदा हुलग्याची उसळ आणि कळण. एखाद्या रविवारी मटण आणि आळणी. उन्हाळ्यात गायीचं किंवा म्हशीचं सुटं दूध मिळालं तर आठवडाभर साय, आणि मग लोणी, तूप, कढी. पोळी-भाजी केंद्रांनीही मागणीची वाट न बघता कट बाटलीत भरून विकून पाहावा. फोडणी द्यायला गिऱ्हाईक समर्थ आहे.

आणि ज्यांची आई अजून ओट्यापाशी किंवा खुर्चीत आहे, त्यांनी तिला कृती विचारू नये. कृती विचारली की ती माप सांगते, आणि माप तिने कधीच वापरलेलं नसतं. विचारायचं ते एवढंच: डाळ उपसल्यावर पाणी कशात ओतायचीस? लोण्याच्या दिवशी दुसरं काय करायचीस? पहिली वाटी कुणाला द्यायचीस? उत्तरं लिहून घ्या, आणि मुलींइतकीच मुलांनी लिहून घ्या. मग पुरणापासून सुरुवात करा. आमटी पाठोपाठ येईल, आणि या खेपेला पहिली वाटी तिच्यापुढे ठेवा.